चूलबंद कंदुरी

नर्मदाबाईच्या नाकाला आखाडा बाळापूरपासून डोंगरकड्यापर्यंत मान होता. कुणाच्या शेतात हळद शिजायला लागली की ती धुरापासून चार हात लांब उभी राहायची, एकदा श्वास ओढायची आणि सांगायची, "कच्ची हाय अजून. जाळ काढू नका." पुढं कढया गेल्या, वाफेचे बॉयलर आले, तरी लोक तिला हाक मारायचेच. बॉयलरला काटा असतो, नाक नसतं.

याच नाकानं तिनं पोराची दारू पहिल्यांदा पकडली होती. आणि आता ती सुटल्याची खात्री हेच नाक रोज संध्याकाळी करून घेत होतं.

खात्री करायची तिची एक रीत होती. विश्वंभर कामावरून आला, पाय धुऊन ओसरीवर टेकला, की ती पुढं व्हायची. कधी त्याच्या मिशीला हळदीचा भुगा लागलेला असायचा, तो ती पदरानं पुसायची. कधी नसायचा, तरी पुसायची. मिशी अगदीच स्वच्छ निघाली तर कानात सांगण्यासारखं काहीतरी असायचं.

"म्हशीनं आज दूध कमी देलं रे."

म्हशीचं दूध कमी झाल्याची बातमी चाळिशीच्या पोराच्या कानात का सांगायची, हे त्या पोराला समजत नव्हतं असं नाही. तो निमूट वाकायचा, कान पुढं करायचा, एक लांब श्वास सोडायचा आणि विचारायचा, "झालं?"

"काय झालं?"

"काई न्हाई. म्हशीचं म्हनलं."

विश्वंभर बॉयलर चालवायचा. हळदीच्या हंगामात ट्रॅक्टरमागं बॉयलर जोडून शेतोशेत फिरायचं, ज्याची काढणी झाली त्याची हळद शिजवून द्यायची. ज्याची हळद चांगली शिजली तो खुशीनं बाटली द्यायचा. आधी ही बाटली काम संपल्यावर यायची, मग काम चालू असताना यायला लागली, आणि शेवटी शेवटी बाटली दिसल्याशिवाय विश्वंभर जाळच लावेना. हंगाम संपला तरी बाटली संपेना. मागच्या पोळ्याच्या आधी, बैल धुवायला गेलेला माणूस ओढ्यातच झोपलेला सापडला, तेव्हा त्याच्या बायकोनं, शिवकन्येनं, भावाला फोन लावला आणि दोघांनी मिळून त्याला नांदेडच्या व्यसनमुक्ती केंद्रात नेलं.

त्याच दिवशी नर्मदाबाई माळावरच्या पीराला गेली. जोत्यावर डोकं टेकून म्हणाली, "बाबा, माझ्या लेकराची सुटू दे. बोकड कापीन, गावाला कंदुरीचं जेवन घालीन." म्हणजे एकाच कामासाठी एकाच दिवशी दोन ठिकाणी अर्ज पडला.

दारू सुटली. मग तिच्या सुटण्यावर हक्क सांगणारे गोळा झाले. केंद्रवाले म्हणाले, आमच्याकडून असे कितीतरी बरे होऊन गेले. शिवकन्येचा भाऊ म्हणाला, मी त्या दिवशी जीप आणली नसती तर? शिवकन्या काहीच म्हणाली नाही, पण चहा देताना तिचा चेहरा असा असायचा की ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं. नर्मदाबाईनं तर सगळंच्या सगळं पीराच्या नावावर जमा करून टाकलं होतं. विश्वंभरच्या नावावर मात्र कुणी काही जमा करत नव्हतं.

एका जागी म्हातारीचा अंदाज चुकला. तिला वाटलं होतं, दारू उतरली की खालून जुना पोरगा निघेल, येता-जाता बायकांची थट्टा करणारा, रेडकाशी गप्पा मारणारा. तसा काही निघाला नाही. निघाला तो एक मुका माणूस. भिंतीकडं तोंड करून पडायचा. भाकरीचा तुकडा मोडायचा आणि ताटातच विसरायचा. कुणी विचारलं काय होतंय, तर म्हणायचा, "काईच होत न्हाई. तेच तर हाय."

शिवकन्येनं पुन्हा कंबर बांधली आणि त्याला हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. डॉक्टर प्रियदर्शनी असं त्यांचं नाव. वयानं शिवकन्येपेक्षाही लहान, पण ऐकून घेताना मधे बोलत नव्हत्या, म्हणून विश्वंभर बोलला. त्यांनी सांगितलं की ही उदासी दारूच्या आधीची आहे. इतकी वर्षं हे तिच्यावर दारूचं झाकण ठेवत होते. आता झाकण निघालं, म्हणून ती दिसतेय. रात्री एक गोळी घ्यायची, महिन्याला येऊन बोलायचं, आणि बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

गोळीनं घाई केली नाही. पण थंडी सरता सरता एका सकाळी विश्वंभर रेडकावर ओरडला, आणि शिवकन्या चुलीपुढं बसल्या बसल्या डोळे पुसायला लागली. नंतर एकदा त्यानं ठेचा मागितला. मग हळद निघाली आणि त्यानं बॉयलर बाहेर काढला. आता लोकांनी बाटली पुढं केली की तो म्हणायचा, "चहा ठेवा. दोनदा ठेवा." असा त्याचा नवा भाव ठरला.

हे सगळं बरं चाललं असताना उत्तमराव एक वाक्य बोलून गेला. हा उत्तमराव म्हणजे केळीच्या बागांचा मालक, विश्वंभरचा वर्गमित्र आणि त्याच्या प्रत्येक बाटलीतला अर्धा भागीदार. पारावर तो म्हणाला, "व्हय, दारू सुटली खरी. पण गोळी लागली न्हवं? येकाचं दावं तोडलं आन् दुसऱ्याच्या खुंट्याला बांधलं." पारावरचे हसले. नर्मदाबाई शेजारून जात होती, तीही हसली. पण वाक्य तिच्याबरोबर घरी आलं आणि तिथंच राहिलं.

तिनं मनाशी ठरवलं. हंगाम सरायच्या आत कंदुरी करायची. पीराचं देणं दिलं की काम पुरं होतं. मग गोळीही बंद. एकदा फिटलं की फिटलं, मागं शेपूट कशाला?

कंदुरीचं नाव काढताच विश्वंभरनं हातातली भाकरी खाली ठेवली.

"कंदुरी काहून, माय? कबरीवर गलेफ चढव. नारळ फोड."

"मी बोकड बोलले. पीराला नारळावर गुंडाळू का? नवस माझा, फेडनार मी. तुला काय तकलीफ?"

"तुला म्हाईत न्हाई का कंदुरीत काय आस्ते? वाटीभर निवद पीराला, आन् बाकी समदं झाडाखाली. ज्यांच्यासंगं बसून मी पेलो, तेच पंगतीला येनार. आन् मी मालक. मीच त्यांना वाढायचं."

"बरं. ते म्या बघते. आनखी काय?"

"आनखी आसं की," त्यानं ताट बाजूला सारलं, "कंदुरी झाली की लोकाच्या हिशोबानं माझं काम झालं. नवस फिटला, मानूस बरा झाला, चला घरी. माझं तसं न्हाई ना माय. मला उद्या सकाळी उठून पुन्ना पयल्यापासून लागावं लागते."

यातलं पहिलं नर्मदाबाईला लगेच समजलं, कारण पहिल्याला उपाय होता. दुसऱ्याला उपाय दिसेना, म्हणून तिनं ते ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती माळावर चाँद पाशाकडं गेली. चाँद पाशा पीराचा दिवा लावायचा, बोकड हलाल करायचा, आणि आसपासच्या गावांतली प्रत्येक कंदुरी त्याच्याच हातानं शिजायची. तो दर्ग्याच्या पायरीवर बसून लसूण सोलत होता.

"पाशाभाई, एक इचारते. पीराला दारू लागते का वो?"

चाँद पाशानं कानाला हात लावला. "तौबा! वैनी, सकाळी सकाळी काय बोलून राहिल्या? पीराला लोबान लागतो, मलिदा लागतो. दारू लागते ती लोकायला. पितात हे, आन् नाव पीराचं."

"मग म्या बिनदारूची केली तर?"

"करा की. पन मग येनार कोन?" त्यानं लसणाची पाकळी परातीत टाकली. "ते एक पाटील होते, त्यायनं केली होती. दारू आनाल तर खबरदार म्हनले. मानसं आली मोजून पंगतभर. आन् तुमाला तर म्हाईत हाय, कंदुरीचं अन्न हद्दीबाहेर नेता येत न्हाई. अर्धं भगुनं मातीत पुरलं म्या. माझ्या हाताचा रस्सा, वैनी! मय्यतीला आल्यासारखं वाटलं."

नर्मदाबाई पायरीवर बसली. तिच्यापुढं दोन्ही बाजू मांडून ठेवल्यासारख्या होत्या. पिणारे बोलवावेत तर पोराचा घात, न बोलवावेत तर पीराचं अन्न मातीत. आणि नवस तसाच ठेवावा, तर दिलेलं परत न्यायला पीराला किती वेळ लागतो? तिनं परातीतली लसणाची एक कुडी उचलून सोलायला घेतली. मग म्हणाली, "कंदुरीचं आवतन कसं आस्ते, पाशाभाई?"

"कसं म्हंजे? घरटी एक."

"तो एक कोन?"

चाँद पाशाला हसू आलं. घरटी एक म्हटलं की तो एक कोण, हे आजवर कुणाला सांगावं लागलं नव्हतं. घरोघरच्या बायका पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, टोपल्या ट्रॅक्टरमधे चढवायच्या, आणि संध्याकाळी रिकाम्या टोपल्यांबरोबर जो परत यायचा त्याला खाटेवर नीट आडवं करायच्या. कंदुरीशी बायकांचा संबंध इतकाच.

"चूलबंद आवतन देते मी," नर्मदाबाई म्हणाली. "त्या दिशी गावात कोनाची चूल पेटायची न्हाई. बायको, सासू, लेकरं, समदे इथं जेवतील. बायको मांडीला मांडी लावून बसली मंग बाटली कोनाच्या हातून उघडते ते बघू."

"कंदुरीला बाया?" चाँद पाशानं लसूण खाली ठेवला.

"पीर काय गड्यायचाच हाय का?"

"न्हाई, पीराची ना न्हाई. माझ्या भगुन्याचा सवाल हाय. एका बोकडात गाव कसं बसवू?"

"रस्सा वाढवा."

"पानी वाढलं की नाव माझं जाते, वैनी."

"मग मसाला बी वाढवा. नाव कुटं जाते बघते मी."

आवतन द्यायला ती शिवकन्येला घेऊन निघाली. पुरुषांशी ती बोललीच नाही. सरळ चुलीपर्यंत जायची. उत्तमरावच्या घरी त्याची बायको गोजरबाई पापड लाटत होती. चूलबंद म्हटल्यावर तिचं लाटणं थांबलं.

"खरंच का मामी? मी या घरात आल्यापासून त्या पीराला भाकरी धाडून राहिले. पीर कसा दिसते ते मातर अजून पायलं न्हाई."

"मग ये बघायला. आन् नवऱ्याला संगं आन. सोडून येऊ नको."

"त्याला सोडून कुटं जाऊ?" गोजरबाई म्हणाली. "तोच मला सोडून जाते, रोज दिवा लागला की."

परतताना शिवकन्या म्हणाली, "आत्याबाई, तुमचं डोकं तर वकिलाचं हाय. पन एक सांगा, यांच्या गोळ्याची पट्टी फळीवर दिसत न्हाई."

"आसंल तिथंच कुटं," नर्मदाबाई म्हणाली आणि पुढच्या घरात शिरली.

पट्टी तिच्या कनवटीला होती. कंदुरीच्या दिवशी ती पीराच्या पायाशी ठेवायची, असं तिनं योजलं होतं. बोकड आणि गोळ्या, दोन्ही एकदमच.

जुम्मेरात उजाडली. माळावरच्या लिंबाखाली एवढी लुगडी आजवर कुणी पाहिली नव्हती. बायका आधी लाजल्या, मग पीराच्या भोवती फिरून आल्या, मग चाँद पाशाच्या चुलवणाभोवती उभ्या राहून त्याला स्वयंपाक शिकवायला लागल्या. "पाशाभाई, खोबरं अजून भाजा." "पाशाभाई, तिखट दिसून राहिलं." चाँद पाशा कपाळाला हात लावून म्हणाला, "या अल्ला, एवढे उस्ताद मला जल्मात न्हाई भेटले."

फातेहा झाला. लोबानाचा धूर वर चढला. सगळे बाहेर निघाल्यावर नर्मदाबाई मागं राहिली. तिनं कनवटीची गाठ सोडली आणि गोळ्यांची पट्टी मलिद्याच्या ताटाशेजारी ठेवली. लोबानाची परडी न्यायला चाँद पाशा आत आला, ती उचलताना त्याची नजर पडली.

"हे काय, वैनी?"

"विश्वंभरच्या गोळ्या. आता कशाला लागतात? पीरानं काम केलं, आमी देनं देलं. झालं."

चाँद पाशानं परडी खाली ठेवली. सदऱ्याच्या खिशात हात घालून एक चुरगळलेली पट्टी बाहेर काढली. "ही माझी. बीपीची. इथं पीराच्या उंबऱ्याशी बसून रोज सकाळी घेतो. कित्येक वर्सं झाली. पीर काही रागावला न्हाई."

"बीपीचं येगळं."

"कसं येगळं? ते बी आतलंच हाय, हे बी आतलंच हाय." त्यानं तिची पट्टी उचलून तिच्या हातात दिली. "ठेवायची तर ठेवा. पन पीर काय करंल हिचं? त्याला कुटं झोपेची तकलीफ हाय?"

तिनं पट्टी पुन्हा कनवटीला बांधली. "बघू," म्हणाली. पटलं असं नाही. पण पीराच्या माणसाशी पीराच्या दारात कशाला हुज्जत घाला.

पंगत बसली. तिचा हिशोब बरोबर उतरला होता. ज्यांना जेवायच्या आधी झाडामागं जायची सवय, ते आपापल्या बायकांशेजारी मांडी घालून, न्हाऊन-धुऊन आणलेल्या बैलांसारखे बसले होते. रस्सा भुरकण्यापलीकडं त्यांना उद्योग उरला नव्हता. एकानं हळूच दुसऱ्याला विचारलं, "आनली का?" तर त्याची बायको म्हणाली, "काय आनायचं व्हतं? कांदा का?" त्यानं कांदाच म्हणून सांगितलं, आणि तिनं तीन कांदे त्याच्या पत्रावळीवर ठेवले. विश्वंभर भाकऱ्यांची टोपली काखेला लावून वाढत होता. एका म्हातारीला म्हणाला, "काकी, लाजू नका, पीर बघून राहिला," आणि सगळ्या बायका हसल्या. नर्मदाबाईनं ते हसणं आपल्या कानानं ऐकलं आणि पीराकडं बघून मान डोलावली.

आणि तेवढ्यात तिच्या नाकाला ते लागलं.

रस्सा, लोबान, लिंबाचा मोहर, लेकरांचा घाम, या सगळ्यांच्या खालून एक पातळ वास येत होता. तिनं मान वळवली. वारा ट्रॅक्टरच्या बाजूनं होता. गोजरबाईच्या शेजारची उत्तमरावची जागा रिकामी दिसली. आणि भाकऱ्या वाढणारा माणूसही पंगतीत नव्हता.

"विश्वंभर कुटं गेला?" तिनं शिवकन्येला विचारलं.

"पत्रावळ्या कमी पडल्या. ट्रॉलीतून आनायला गेले."

नर्मदाबाई उठली. घाई केली नाही. घाई केली असती तर शिवकन्या मागं आली असती. सांडलेलं काही वेचायला निघाल्यासारखी ती वाकून चालत गेली, आणि ट्रॉलीच्या मोठ्या चाकाआड थांबली. तोंडात एक शिवी तयार होती, उत्तमरावच्या खापरपणज्यापर्यंत पोचणारी.

ट्रॉलीच्या पलीकडं उत्तमराव बसला होता. त्याच्या हातात स्टीलचा गिलास. पुढं विश्वंभर उभा, पत्रावळ्यांचा गठ्ठा छातीशी धरून.

"आता काहून भितो?" उत्तमराव बोलत होता. "आजवर बराबर व्हतं. नवस अंगावर व्हता, पीराचा धाक व्हता. म्या कधी आग्रह केला का? न्हाई केला. पन आज बोकड पडला, फातेहा झाला. फिटलं! तू मोकळा झाला, गड्या. मोकळ्या मानसानं एक घोट घेतला तर पीर कोनत्या तोंडानं इचारंल?"

नर्मदाबाईच्या तोंडातली शिवी तिथंच राहिली. कारण उत्तमराव जे बोलत होता ते तिचंच होतं. फिटलं की फिटलं, मागं शेपूट कशाला. तिचाच हिशोब तो तिच्या पोरापुढं मांडत होता, फक्त हातात गिलास घेऊन.

विश्वंभरनं पत्रावळ्यांचा गठ्ठा आणखी आवळला, पानं करकरली. नर्मदाबाईला ओरडता आलं असतं. धावता आलं असतं. चाकाचा रबर तिनं गच्च धरला आणि तिथंच उभी राहिली.

"मन होत न्हाई आसं म्हननार न्हाई मी," विश्वंभर शेवटी म्हणाला. "इथं आलो, वास आला, तवापासून होऊन राहिलं."

"मग घे की."

"नवस मायचा व्हता. तो फिटला. माझा राह्यला."

"तुझा? तुझा कोनता रे?"

"ते मला बी पुरतं म्हाईत न्हाई. फिटला न्हाई एवढं म्हाईत हाय."

"कवा फिटंल?"

"उद्या सकाळी इचार," विश्वंभर म्हणाला. "पर्वा बी इचार. बहुतेक हेच सांगन."

उत्तमराव हसला. मग हसणं अर्ध्यावर सोडून दिलं. गिलास तोंडाला लावला आणि न पिताच खाली घेतला.

"तुझं बरं हाय," तो म्हणाला. आवाज पारावरचा नव्हता. "मला तर घेतल्याबिगर डोळाच लागत न्हाई. छतात बघत पडतो. गोजरी घोरते, आन् म्या छत बघतो."

"मला बी लागत नव्हता."

"मग?"

"मग काय, गोळी हाय. डॉक्टरीनबाई हायेत. ऐकून घेतात." त्यानं गठ्ठा छातीवरून काखेत घेतला. "म्हैना भरला की म्या हिंगोलीला जातो. गाडीवर मागं जागा आस्ते."

पंगतीतून गोजरबाईचा आवाज आला, "अवो, पानी पेयाला गेलात का हीर खंदायला?" बायका खदखदल्या. उत्तमरावनं गिलासाकडं बघितलं, इकडं तिकडं बघितलं, आणि तो ट्रॉलीखाली सरकवून ठेवला. ओतून दिला नाही. इतका काही तो बदलला नव्हता. पण रस्सा खायला परत गेला.

विश्वंभर ट्रॉलीच्या मागच्या बाजूनं निघाला आणि चाकाशी उभ्या मायच्या समोर आला. दोघंही थबकले.

"तू इथं काय करून राहिली?"

"पत्रावळ्या न्यायला आल्ते. किती येळ लावला रे?"

"ह्या घे," तो म्हणाला, आणि अर्धा गठ्ठा तिच्या हातात दिला.

पंगतीत परतल्यावर ती आधी शिवकन्येकडं गेली. खाली वाकून कनवटीची गाठ सोडली आणि पट्टी तिच्या ओटीत टाकली.

"चुकून आली संगं."

शिवकन्येनं पट्टी बघितली, सासूला बघितलं. "चुकून कनवटीला गाठ बसली, आत्याबाई?"

"बसते कधी कधी. म्हाताऱ्या मानसाच्या गाठी आशाच. आन् आता ती फळीवर ठेवू नको. फळीवरून चुका होतात."

"मग कुटं ठेवू?"

"माझ्या हाताला लागनार न्हाई अशा जागी," नर्मदाबाई म्हणाली, आणि रस्सा वाढायला लागली.

बायकांनी पंगत अशी हाणली की चाँद पाशाच्या भगुण्याच्या तळाचा आवाज माळभर ऐकू गेला. शेवटी त्यानं उचटण्यानं खरवडून बघितलं, भगुणं उन्हाकडं तिरपं धरलं आणि नर्मदाबाईला दाखवलं. "वैनी, पुरायला काई राहिलं न्हाई. खड्डा खंदला व्हता म्या, बुजवून टाकतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "नवस फिटला ना मनासारखा?"

"बोकडाचा फिटला," ती म्हणाली. "बाकीचं बघू."

ऊन कलल्यावर ट्रॅक्टर निघाला. ट्रॉलीत रिकाम्या टोपल्या, घासलेली भांडी, दमलेल्या बायका आणि झोपलेली लेकरं. विश्वंभर मायच्या शेजारी कठड्याला टेकून बसला होता. त्याचा चेहरा उतरलेला होता, जड काम करून आलेल्या माणसाचा असतो तसा. शिवकन्या समोर, तिच्या मांडीवर कुणाचं तरी लेकरू.

रस्ता डांबरी लागला आणि हादरे थांबले, तसा विश्वंभर आपणहून वाकला. कान मायच्या तोंडाशी नेला. तोंड तिच्या नाकाशी आलं.

"माय," तो म्हणाला, "म्हैस काय म्हनते?"

नर्मदाबाईनं त्याच्याकडं बघितलं. पदर ओढून नाकातोंडावर घेतला.

"सरदी झाली मला," ती पदराआडून म्हणाली. "कायचाच वास येईना."

"या उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात होत न्हाई का? सरक तिकडं, गरम होऊन राहिलं."

तो नीट बसला. पण खांदा तिच्या खांद्याला टेकलेला राहू दिला.

पुढं वळणावर कुणाच्या तरी शेतात बॉयलर चालू होता. वाफेचा पांढरा लोट रस्त्यावर आला आणि सगळी ट्रॉली हळदीच्या वासानं भरून गेली.

"आत्याबाई," शिवकन्येनं सवयीनं विचारलं, "शिजली का कच्ची हाय?"

नर्मदाबाईचं तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर आला होता. विश्वंभरनं मान वळवून तिच्याकडं बघितलं.

"मला काय इचारतेस?" ती म्हणाली, पदर आणखी आवळून. "सरदी झाली म्हनलं न्हवं?"

हळद कच्ची होती. अजून बराच जाळ लागणार होता.